तुम्ही विचारलंत म्हणून : हेडर गेलं कुठे?

आयओएसच्या कामात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "अ‍ॅप जुन्या आयफोनवर चालावं म्हणून जुना एसडीके लावला, तर बिल्ड 'फाइल नॉट फाउंड' म्हणून अडतं. हेडर गेलं कुठे?"

गेलं नाही, त्या एसडीकेत ते नव्हतंच. (एसडीके म्हणजे अ‍ॅप बनवण्यासाठी अ‍ॅपल देतं तो फाइलींचा संच; हेडर म्हणजे त्यातली, कुठल्या सोयी वापरता येतात ते कंपायलरला, म्हणजे कोडचं अ‍ॅप बनवणाऱ्या प्रोग्रामला, सांगणारी फाइल.) एसडीकेचं फोल्डर उघडून बघा : सिस्टम, त्यात लायब्ररी, त्यात फ्रेमवर्क्स (म्हणजे एकेका कामासाठीचे तयार कोडचे गठ्ठे). आयओएस 13 च्या एसडीकेत तिथे 'अ‍ॅपट्रॅकिंगट्रान्सपरन्सी' (वापरणाऱ्याचा माग काढायची परवानगी मागणारं फ्रेमवर्क) सापडणार नाही, कारण ते 2020 साली आयओएस 14 बरोबर आलं. मग सर्च पाथ, म्हणजे हेडर कुठे शोधायचं तो पत्ता, बदलून काय होणार? नव्या एसडीकेतून तेवढंच हेडर उचलून आणण्याच्या फंदातही पडू नका. ते आणखी चार हेडरं मागतं आणि तीही तिथे नसतात.

खरा घोळ दोन आकड्यांचा आहे. कंपायलरला काय काय माहीत आहे, ते एसडीके ठरवतो. अ‍ॅप कमीत कमी कुठल्या आवृत्तीवर चालायला हवं, ते डिप्लॉयमेंट टार्गेट ठरवतं. जुना फोन हवाय ना? मग एसडीके नवाच ठेवा आणि टार्गेट खाली आणा. (अँड्रॉइडमध्ये हेच कंपाइल-एसडीके आणि मिन-एसडीके.) मात्र किती खाली जाता येईल, याला एक्सकोडच्या (ज्यात आपण हे अ‍ॅप बनवतो, त्या अ‍ॅपलच्या प्रोग्रामच्या) प्रत्येक आवृत्तीची मर्यादा असते, ती आधी बघून घ्या.

एवढं केलं की बिल्ड होतं, आणि मला खरी काळजी वाटते ती इथून पुढे. आयफोन 6 आयओएस 12 च्या पुढे जातच नाही. त्यात नसलेलं असं नवं फ्रेमवर्क अ‍ॅपला 'रिक्वायर्ड', म्हणजे असायलाच हवं, म्हणून जोडलं गेलं असेल, तर त्या फोनवर अ‍ॅप उघडता उघडताच बंद पडतं आणि लॉगमध्ये 'लायब्ररी नॉट लोडेड' दिसतं. तुमच्या कोडची पहिली ओळही तोवर चाललेली नसते, त्यामुळे तुमचा इफ-एल्स तिथे काहीच करू शकत नाही. एक्सकोडच्या बिल्ड फेजेसमध्ये लिंकिंगच्या (अ‍ॅपला जोडलेल्या फ्रेमवर्क्सच्या) यादीत जाऊन ते 'ऑप्शनल' करा. मग कोडमध्ये, त्या फ्रेमवर्कमधल्या क्लासला हात लावण्याआधी, फोनची आयओएस पुरेशी नवी आहे का हे बघणारी 'अव्हेलेबल'ची तपासणी घाला : ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये अ‍ॅटचं चिन्ह लावून, स्विफ्टमध्ये हॅश लावून. दोन्ही हवंच.

टीममध्ये कुणाचं एक्सकोड अजून जुनंच असेल, तर ऑब्जेक्टिव्ह-सीच्या फाइलीत इम्पोर्टभोवती 'हॅज इन्क्लूड'ची (हेडर सापडलं तरच पुढे जा, अशी) अट घाला आणि त्या फ्रेमवर्कचा वापरही तशाच अटीत ठेवा. स्टोअरवर जाणारं बिल्ड मात्र नव्या एसडीकेवरच करा, आणि पाठवण्याआधी ते खऱ्या जुन्या फोनवर एकदा उघडून बघा.