रास्पबेरी सोडा, मोठ्यांसाठी

कॅम्पातल्या इराणी हॉटेलातला लालभडक रास्पबेरी सोडा मोठेपणी फार गोड लागतो. त्यावर उतारा व्हिनेगरचा.

२०० ग्रॅम रास्पबेरी (महाबळेश्वरची मिळाली तर उत्तम, नाहीतर फ्रोझन चालते) १५० ग्रॅम साखरेत चुरडून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. उकळू नका, जॅमचा वास येतो. सकाळी मलमलच्या कापडातून गाळा; पिळलंत तर रस गढूळ होतो. त्यात १०० मिली ॲपल सायडर व्हिनेगर घालून दोन दिवस मुरू द्या, नाहीतर झणका बोचतो.

ग्लासात ३० मिली सिरप, दोन ठेचलेले मिरे, चिमूटभर काळं मीठ. मीठ विरघळलं की १५० मिली सोडा कडेने ओता. वरून मीठ भुरभुरलंत तर फेस थेट ओट्यावर! आणि बाटली चांगली गार हवी. कोमट सोड्यातला वायू पटकन उडतो, मग कितीही बर्फ घाला.