चिखलाची बरणी, दिवस १ ते ९६: चुंबक, गंधक आणि आमचे वाद

दिवस १

दोन बरण्या एकाच दिवशी भरल्या, म्हणून नोंद एकच. चिखलही एकाच डबक्यातला, काठापासून हातभर आत, पाण्याखालचा. वरचा तपकिरी थर बाजूला सारला की खाली काळा, लोण्यासारखा मऊ थर लागतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. वास हायड्रोजन सल्फाइडचा, काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. म्हणजे ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू तिथे आधीपासून कामाला लागलेले आहेत.

पहिली बरणी म्हणजे आपला नेहमीचा विनोग्राडस्की स्तंभ, ज्यात चिखलातले सूक्ष्मजीव थराथराने वाढताना दिसतात. तळाशी कागदाचा लगदा, अंड्याच्या कवचाची पूड आणि थोडा उकडलेला बलक कालवलेला चिखल, त्यावर नुसता चिखल, वर चार बोटं पाणी. ही खिडकीत ठेवली. दुसरीत काहीच मिसळलं नाही. एक भाग चिखल, दोन भाग पाणी, आणि बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात. ही चुंबकी जिवाणूंसाठी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या रेषेवरून पोहणाऱ्या जिवाणूंसाठी.

पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांनी एवढं सांभाळा: झाकण सैल ठेवा, आत वायू साठतो. उघडताना हातमोजे घाला आणि खिडकी उघडी असू द्या.

दिवस १८

आज दुसऱ्या बरणीला पट्टीचुंबक लावला. चिखलाच्या पृष्ठभागापासून बोटभर वर, दक्षिण ध्रुव काचेला टेकवून, तासभर. उत्तर गोलार्धातले बहुतेक चुंबकी जिवाणू क्षेत्राच्या रेषेवरून उत्तरेकडे पोहतात, त्यामुळे ते चुंबकाच्या दक्षिण ध्रुवापाशी गोळा व्हायला हवेत. तासाभराने काचेवर तपकिरी डाग दिसला. ड्रॉपरने तिथलंच पाणी ओढलं, कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) थेंब घेतला, तो उलटा टांगला आणि सूक्ष्मदर्शकाच्या १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली (१० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली) थेंबाची कड शोधली. चुंबक थेंबाशेजारी ठेवताच ठिपके कडेला गर्दी करू लागले. मी लगेच चित्रफीत काढून सूक्ष्मजीवांवर चर्चा करणाऱ्या आमच्या गटाला पाठवली.

आमच्या गटातल्या ताई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "चुंबक उलटा करून पाहिलास?"

नव्हता केला. केला, तर ठिपके हललेच नाहीत, त्याच कडेला चिकटून राहिले. गंजाचा कण किंवा लोहखनिजाची पूड चुंबकाच्या कोणत्याही ध्रुवाकडे ओढली जाते, तिला दिशा नसते. जिवाणूला मात्र दिशा असते. त्याच्या पोटात मॅग्नेटाइट किंवा ग्रेगाइट या लोहाच्या चुंबकी खनिजांच्या स्फटिकांची माळ असते. एकेक स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचा, आणि सगळी माळ मिळून होकायंत्राची सुई. क्षेत्र उलटलं की जिवाणू वळतो आणि थेंबाच्या पलीकडच्या कडेला निघून जातो. माझे ठिपके गंजाचे होते.

दोन दिवस मी त्या चित्रफितीकडे परत परत पाहिलं. ठिपके जिवाणूंचे असावेत असं मला इतकं वाटत होतं की ते मला पोहतानासुद्धा दिसले होते. ही नोंद मी मुद्दाम ठळक ठेवते आहे, कारण पुढचे सगळे वाद मी तिच्याच आधाराने घातले.

दिवस २२

गटाची शनिवारची बैठक. विषय होता थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा महाकाय जिवाणू. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटांवर, खारफुटीच्या कुजत्या पानांवर जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हिए ग्रो यांना २००९ मध्ये पांढरे धागे दिसले. प्रत्येक धागा म्हणजे एकच जिवाणू आहे हे ठरायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि सविस्तर शोधनिबंध आला २०२२ मध्ये. लांबी सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास, काही दोन सेंटिमीटरपर्यंत. नुसत्या डोळ्यांना दिसतो, चिमट्याने उचलता येतो.

आकाराचं नवल सगळ्यांनाच वाटलं, पण वाद पेटला तो आतल्या पुड्यांवरून. या जिवाणूचा डीएनए मोकळा नसतो, पटलात गुंडाळलेल्या असंख्य बारीक पुड्यांत असतो. फळातल्या बियांसारख्या दिसतात म्हणून शोधकांनी त्यांना पेपिन म्हटलं. आमच्यातल्या सर्वांत तरुण सभासदाचं म्हणणं, "आदिकेंद्रकी, म्हणजे जिवाणूंसारख्या केंद्रक नसलेल्या पेशीत डीएनएभोवती पटल नसतं हे वाक्य आता पुस्तकातून खोडायला हवं." सरांनी, म्हणजे आमच्या निवृत्त रसायनशिक्षकांनी, शांतपणे विचारलं, "त्या पुड्यांत रायबोसोम आहेत की नाहीत?" आहेत. मग ते केंद्रक कसं? केंद्रकी पेशीत जनुकाचा संदेश केंद्रकात लिहिला जातो आणि बाहेर, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमांवर, वाचला जातो. पेपिनमध्ये लिहिणं आणि वाचणं एकाच खोलीत चालतं.

मला सरांचा मुद्दा पटला, पण अर्धाच. केंद्रक नाही हे खरं, तरी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं टिकत नाही, हेही खरं. ताईंनी जेम्माटाची आठवण काढली. जेम्माटा ऑब्स्क्युरिग्लोबस या जिवाणूच्या डीएनएभोवती पटल असल्याचं १९९१ मध्ये जाहीर झालं आणि 'केंद्रक असलेला जिवाणू' म्हणून तो गाजला. २०१३ मध्ये पातळ कापांवरून पेशीची त्रिमितीय रचना उभी केली, तेव्हा ते पटल कुठेच पूर्ण मिटलेलं नाही, पेशीद्रवाभोवतीच्या पटलाचीच ती खोल घडी आहे, असं दिसलं. एका कापात वर्तुळ दिसतं, ते सगळ्या कापांत शोधावं लागतं. मॅग्निफिकाच्या बाबतीत पुड्यांचा पुरावा एका कापापुरता नाही, म्हणून मी तो मानते.

एवढी मोठी पेशी जगते कशी, हा प्रश्न मला पुड्यांपेक्षा जास्त आवडतो. जिवाणूच्या पेशीत माल वाहून नेणारी मोठी यंत्रणा नसते, रेणू आपोआप पसरतील तेवढ्यावर भागवावं लागतं, आणि लांब अंतरावर ते पसरणं फार मंद होतं. मॅग्निफिकाने तोडगा काढला आहे. पेशीचा मधला बहुतेक भाग म्हणजे द्रवाने भरलेली पोकळी, आणि जिवंत भाग कडेच्या पातळ थरात. जनुकसंचाच्या लाखो प्रती त्या थरात पसरलेल्या, म्हणजे जिथे गरज तिथेच कारखाना.

दिवस ३७

खिडकीतल्या बरणीला रंग चढला. उजेडाकडच्या बाजूला खाली शेवाळी हिरवा पट्टा, त्यावर जांभळट डाग. हिरवे आणि जांभळे गंधक-जिवाणू, दोघांनाही सल्फाइड आणि प्रकाश लागतो, पण हिरव्यांना जास्त सल्फाइड सोसतं म्हणून ते खाली. आणि चिखलाच्या पृष्ठभागावर पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी साय.

ती साय मी सुईच्या टोकाने उचलली. ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली लांबच लांब धागे, एकमेकांवरून हळू सरकणारे. शेपूट नाही, पाय नाही, नुसतं घसरत जाणं. धाग्यात काळ्या कडेचे, मध्ये लखलखणारे गोल कण खच्चून भरलेले: गंधक. ही लक्षणं बेजियाटोआची, मॅग्निफिकाच्या नात्यातलीच. बेटावरच्या खारफुटीत सापडलेल्या त्या राक्षसाचं भावंड माझ्या बरणीत आहे हे कळल्यावर मी तासभर जागची उठले नाही.

ज्यांच्या नावाचा हा स्तंभ, त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कींनी १८८०च्या दशकात हेच धागे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले होते. सल्फाइडचं पाणी दिलं की कण भरतात, ते तोडलं की कण विरतात. त्यावरून त्यांनी जे म्हटलं ते त्या काळी विश्वास न बसण्यासारखं होतं: हा जीव निर्जीव गंधकाच्या संयुगांवर ऊर्जा मिळवतो. मी तोच प्रयोग केला. एका स्लाइडवर बरणीतलं पाणी, दुसरीवर हवेत ढवळून सल्फाइड उडवलेलं पाणी, दोन्ही ओल्या डबीत झाकून. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्लाइडवरच्या धाग्यांत कण उघडउघड कमी झालेले आणि मधले पट्टे फिकट. पहिल्या स्लाइडवर कण तसेच.

दिवस ५१

आजची बैठक सर्वांत लांबली. विषय: जीएफएजे-१ चा शोधनिबंध मागे घेतला ते योग्य की अयोग्य.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २ डिसेंबर २०१० रोजी नासाच्या पत्रकार परिषदेत जाहीर झालं की कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएमध्येसुद्धा. शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात, मुख्य लेखिका फेलिसा वुल्फ-सायमन. काही दिवसांतच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांनी जाहीर टीका केली: डीएनए पुरेसा धुतलेला नाही, आणि जिवाणू वाढवण्याच्या द्रवात क्षारांतून आलेलं फॉस्फेट (फॉस्फरसचं संयुग) शिल्लक आहे. २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. डीएनएमध्ये आर्सेनिक जोडलेलं नाही, आणि फॉस्फेट नसेल तर जिवाणू वाढत नाही. मूळ निबंध मात्र तसाच राहिला, तो मागे घेतला जुलै २०२५ मध्ये. लबाडीचा आरोप नाही, पण निष्कर्षांना पुराव्याचा आधार नाही, असं नियतकालिकाचं म्हणणं. लेखकांना ते मान्य नाही.

सरांनी रसायन समजावलं. फॉस्फेटचे बंध पाण्यात प्रचंड काळ टिकतात, म्हणून तर डीएनए टिकतो. आर्सेनेटचे, म्हणजे आर्सेनिकच्या तशाच संयुगाचे, बंध पाण्यात क्षणार्धात तुटतात. "असा डीएनए असता तर पेशीने तो शिवायचा कधी आणि वाचायचा कधी?" तरीही निबंध मागे घ्यायला सरांचा विरोध. त्यांच्या मते मागे घेणं हा लबाडीवरचा शिक्का आहे, आणि प्रामाणिक चुकीला खोडून काढणारे दोन निबंध पुरे. ताईंचं मत उलट: उद्या एखादा विद्यार्थी तो निबंध उघडेल, त्याला पहिल्याच पानावर कळायला हवं.

मी सरांच्या बाजूने. गंजाचे ठिपके मीही जिवाणू म्हणून पाठवले होते, आणि माझ्या नोंदवहीत ते पान फाडलेलं नाही, समोरच्या पानावर 'चुंबक उलटा केला' ही नोंद आहे. दोन्ही पानं एकत्र वाचली तरच काही कळतं. ताईंचं यावर म्हणणं असं की नोंदवही माझी एकटीची आहे, नियतकालिक सगळ्यांचं. हा मुद्दा मला खोडता आला नाही.

एक गोष्ट या गदारोळात हरवते. जिवाणू स्वतः अस्सल नवलाचा आहे. आर्सेनेटने भरलेल्या पाण्यात तो जगतो, आणि दोन्ही रेणू जवळजवळ सारखे असूनही आर्सेनेटच्या गर्दीतून फॉस्फेट अचूक वेचणारं प्रथिन त्याच्याकडे आहे. मला तरी हे आर्सेनिकच्या डीएनएइतकंच आश्चर्याचं वाटतं.

दिवस ६६

बरण्या शांत. वाट बघण्याचा कंटाळा आलेल्यांनी प्रोमेथिओआर्किअम आठवावं. २००६ मध्ये जपानजवळच्या समुद्रतळाचा गाळ काढला, २०२० मध्ये निबंध छापला. त्यातली बारा वर्षं एक जीव वाढवण्यात गेली, कारण तो दुप्पट व्हायलाच १४ ते २५ दिवस घेतो. आपल्या केंद्रकी पेशींचे पूर्वज ज्या कुळाजवळचे मानले जातात त्या अस्गार्ड आर्किआंपैकी (आर्किआ म्हणजे जिवाणूंपासून वेगळे, केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव) प्रयोगशाळेत वाढवलेला हा पहिला. आणि तो एकटा वाढत नाही, त्याला जोडीदार सूक्ष्मजीव लागतो.

दिवस ७४

बैठक छोटी. २०२४ मध्ये जाहीर झालेला नायट्रोप्लास्ट, म्हणजे समुद्री शैवालाच्या पेशीत राहून नायट्रोजन स्थिर करणारा, म्हणजे तो सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणारा, एके काळचा जिवाणू. तो पाहुणा की अवयव? माझ्या मते अवयव. तो यजमान पेशीच्या विभाजनाशी ताल धरून विभागतो, आणि त्याला लागणारी बरीच प्रथिनं यजमानाच्या जनुकांवरून तयार होऊन आत येतात. ज्याला स्वतःचं सामान घरमालकाकडून मागवावं लागतं तो भाडेकरू राहत नाही. यावर कोणी फारसं भांडलं नाही.

दिवस ८८

दुसरी बरणी पुन्हा. या वेळी चुंबक तासभर नाही, वीस मिनिटंच, आणि चिखलापासून थोडा आणखी वर, म्हणजे गंजाची पूड कमी येईल. थेंब टांगला. चुंबकाचा दक्षिण ध्रुव थेंबाकडे केला तसे दोन मिनिटांत कडेला ठिपके. श्वास रोखून चुंबक फिरवला.

कड मोकळी झाली. सगळे ठिपके एकदम वळले, एखाद्या थव्यासारखे, आणि दृष्टिक्षेत्र ओलांडून पलीकडे निघाले. पुन्हा फिरवला, पुन्हा परत. अकरा वेळा केलं. नंतर चुंबक पूर्ण दूर नेऊन पाहिलं, तेव्हा कडेची गर्दी पांगली. मग दुसरा थेंब हलकेच गरम करून जिवाणू मारले आणि तेच केलं: एकही ठिपका कडेला आला नाही. मेलेला चुंबकी जिवाणूही सुईसारखा वळतो, फक्त पोहत नाही. माझे सगळे गोल असल्याने त्यांचं वळणं मला दिसलं नाही. लांबट मिळाले तर तेही पाहायचं आहे. चारही चित्रफिती गटाला पाठवल्या. ताईंचं उत्तर या वेळीही एका ओळीचं: "आता मानलं."

रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये या जिवाणूंवरचा निबंध छापला, त्याआधी १९६३ मध्ये इटलीत साल्वातोरे बेल्लिनींनी ते पाहून ठेवले होते.

दिवस ९६

नोंदी चाळताना ८८व्या दिवसाच्या चित्रफितीत एक गोष्ट दिसली, जी त्या दिवशी आनंदात निसटली. चुंबक उलटा केल्यावर थवा पलीकडे जातो, पण आठ-दहा ठिपके अलीकडच्या कडेला दिसतात. गंज असू शकतो. काचेला चिकटलेले असू शकतात. तिसरी शक्यता अशी की ते दक्षिणेकडे पोहणारे असतील. उत्तर गोलार्धातही असे जिवाणू सापडल्याचं २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाऱ्या तळ्याच्या अभ्यासात दिसलं होतं, आणि 'उत्तरेचे जिवाणू उत्तरेकडे' या साध्या स्पष्टीकरणाला तिथे धक्का बसला होता.

पण मी पाणी ओढलं होतं दक्षिण ध्रुवाजवळून, म्हणजे तसे जिवाणू असलेच तर माझ्या थेंबात चुकूनच आले असणार. आज संध्याकाळी बरणीच्या त्याच काचेला चुंबकाचा उत्तर ध्रुव टेकवून ठेवला आहे. वीस मिनिटांनी पाणी काढेन, आणि ठिपके आले तर सर्वांत आधी चुंबक उलटा करेन.