खरेदी विभागात अडकलेल्या डिस्क स्प्रिंगा : माझा अनुभव

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात एका क्लॅम्पिंग फिक्श्चरमधील (मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पकडून ठेवणाऱ्या साधनातील) कॉइल स्प्रिंगा काढून तेथे डिस्क स्प्रिंगा, म्हणजे मध्ये भोक असलेल्या किंचित शंकूसारख्या पोलादी चकत्या, बसवण्याचे काम माझ्याकडे होते. कमी उंचीत टनाहून अधिक दाब हवा असेल, तर याहून सोयीचा पर्याय मला दिसत नाही. शिवाय पकड स्प्रिंगची आणि सोडवणूक तेलाच्या दाबाने, अशी रचना असल्याने वीज गेली तरी जॉब सुटत नाही. गणित, ड्रॉइंग आणि गाइड पिनचे (चकत्या ओवायच्या दांडीचे) हार्डनिंग विनासायास पार पडले.

घोडे अडले ते खरेदी विभागात. मागणीपत्रात बाहेरचा व्यास, आतला व्यास, नग आणि दर एवढेच रकाने होते. जाडी व मोकळी (न दाबलेल्या चकतीची) उंची लिहायला जागाच नव्हती. मी शेऱ्यात लिहिलेली जाडी कोटेशन मागवताना गळली आणि सर्वांत कमी दराच्या २ मिमी जाडीच्या चकत्या मंजूर झाल्या. "सर, माप तर तेच आहे," असे मला सांगण्यात आले. माप खरोखरच तेच होते: बाहेरून ५०, आतून २५.४ मिमी. परंतु डीआयएन २०९३ या डिस्क स्प्रिंगांच्या जर्मन मानकाप्रमाणे ३ मिमी जाडीची 'ए' मालिकेतील चकती पाऊण दाबली असता सुमारे १२,००० न्यूटन बल देते, तर २ मिमीची 'बी' मालिकेतील चकती ४,७५० न्यूटनच्या आसपास. दोन्ही चकत्या टेबलावर ठेवून मायक्रोमीटरने मोजून दाखवल्या, तरी 'तांत्रिक समर्थन जोडावे' असा शेरा मारून कागद परत आला. नुसते वाचून कळणाऱ्या गोष्टीसाठी मशीन उभे राहावे, याचा राग अजून गेलेला नाही.

अखेर जाडी, मोकळी उंची आणि ठरावीक लवणीवरचे (चकती दाबून जितकी खाली जाते त्या अंतरावरचे) बल दाखवणारे सहीचे ड्रॉइंग जोडल्यावर मंजुरी मिळाली. आपणही पहिल्याच दिवशी ते जोडावे. त्यात फॉस्फेट फिनिशही (गंज रोखणारा फॉस्फेटचा थर) स्पष्ट लिहावे, कारण इलेक्ट्रोप्लेटिंगने जस्ताचा मुलामा देताना कठीण पोलादात हायड्रोजन शिरून चकती तडकण्याचा धोका असतो.

जोडणीत चकत्या आलटून-पालटून (एक सुलटी, एक उलटी) ठेवल्या की लवणी वाढते आणि एकीत एक बसवल्या की बल वाढते. त्यामुळे त्याच चकत्यांतून हवा तो मेळ साधता येतो. आम्ही आलटून-पालटून रचल्या आणि पकड गणिताप्रमाणेच मिळाली, याचा मला अभिमान आहे. एक सांगायचे राहिले: बसवतानाच चकत्या त्यांच्या पूर्ण लवणीच्या किमान १५ टक्के दाबून ठेवाव्यात, अन्यथा वारंवार उघडझाप होताना आतल्या वरच्या कडेला तडे जातात.