सांगली-मिरज : जुन्या स्कोपच्या शोधात दोन दिवस

सांगलीच्या भंगारात कुणी तुम्हाला जुना ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) दाखवला, तर पडद्याकडे नंतर बघा. आधी तो हलकेच आडवा करा आणि बुडाचे स्क्रू बघा. स्क्रूच्या खाचेत पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ असेल तर तो कृष्णेच्या पाण्यात राहून आलाय.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. त्याआधी २००५ चा महापूर, नंतर २०२१ चा. पाणी शिरलं तिथं तळमजल्यावरचं सगळं भिजलं. लोकांनी गाळ उपसला, वस्तू धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि चालल्या नाहीत त्या माळ्यावर टाकल्या. अशा वस्तू आता भंगारात उतरतायत. विकणारा फसवतोय असं समजू नका. त्याच्या हातात वस्तू येते तोवर ती वरून स्वच्छ पुसलेली असते, आणि तो काही झाकण काढून बघत नाही.

मी पुण्याहून गेलो होतो. जाताना रेल्वे बरी: कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या सांगली आणि मिरज दोन्हीकडे थांबतात. येताना सामान असेल तर मी एसटी सुचवेन, कारण वस्तू मांडीवर घेऊन बसता येतं आणि स्टेशनवरची चढ-उतार वाचते. सांगली, विश्रामबाग, मिरज हे सगळं एका रस्त्यावर आहे. सिटी बस आणि वडाप सतत मिळतं. कुपवाडला मात्र रिक्षा करा आणि परतीचं त्याच्याशीच ठरवून ठेवा. हातात वीस किलोचा डबा घेऊन एमआयडीसीतून चालवत नाही.

सांगलीच का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इथं १९४७ पासून आहे, शिवाय कुपवाड आणि मिरजेत एमआयडीसी आहे. जिथं प्रयोगशाळा आणि कारखाने असतात तिथं टेस्टिंगचं सामान असतंच, आणि डिजिटल स्कोप आले की जुन्या, काचेच्या पिक्चर ट्यूबवाल्यांचं निर्लेखन होतं. लिलावात सगळा लॉट एकाच भंगारवाल्याकडे जातो. तो वजनावर घेतो आणि वजनावरच विचार करतो. त्यामुळे पहिला बळी जातो तो ट्रान्सफॉर्मर, कारण त्यात तांबं असतं. लॉट आल्याचं कळल्यावर आठ दिवसांत पोहोचलात तर उपकरण मिळेल. महिन्याभराने गेलात तर नुसते डबे. आठवडाभर आधी दोन-तीन ठिकाणी फोन करा, फोटो मागवा आणि ‘ट्रान्सफॉर्मर काढू नका, मी येतोय’ एवढं आवर्जून सांगा.

पहिल्या दिवशी सकाळी कुपवाडच्या बाजूच्या एका गोदामात गेलो. तिथं एक बेंच पॉवर सप्लाय (टेबलावर ठेवून हवे तेवढे व्होल्ट काढायचं यंत्र) होता, ० ते ३० व्होल्टचा, दोन सुंदर काट्याचे मीटर पुढे बसवलेले. मी हात लावायच्या आत तिथला पोरगा वायर घेऊन आला.

“लावून दावतो की, सर. करंट हाय हितं.”

मी थांब म्हणेपर्यंत त्यानं पिन खोचली होती. ट्रान्सफॉर्मर घुमला, दोन-तीन सेकंदांत आत फट् झालं आणि जळक्या कागदाचा कडवट वास गोदामभर पसरला. उघडून बघितलं तर मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून वीज येते त्या बाजूचा पिवळसर, अर्धपारदर्शक कवचाचा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुटलेला. हे मेटलाइज्ड पेपरचे कॅपॅसिटर. वय झालं की कवचाला केसासारख्या चिरा पडतात, चिरांतून दमट हवा आत जाते आणि वीज दिली की धूर. तेवढंच असतं तर किरकोळ काम होतं. पण ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांमध्ये गाळाची तपकिरी रेघ होती आणि वेटोळ्यांवरचा कागद फुगलेला. तो त्या तीन सेकंदांतच गेला. मला फार वाईट वाटलं. नीट वाळवून, तपासून लावला असता तर तो वाचण्याची शक्यता होती.

म्हणून इथून जे कुणी जातील त्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: विकणाऱ्याच्या जागी वस्तू चालू करून बघू नका, त्यालाही करू देऊ नका. ‘चालू असेल तर इतके, बंद असेल तर इतके’ असा भाव निघतो, तेव्हा बंद वस्तूचाच भाव करा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या उपकरणाला थेट २३० व्होल्ट देण्याने फक्त विकणाऱ्याचा प्रश्न सुटतो.

मग वीज न देता काय बघायचं? दुपारी दुसऱ्या ठिकाणी मला हवा तो स्कोप सापडला: इंदूरच्या सायंटिफिक कंपनीचा, जर्मन हामेगच्या डिझाइनवरचा एचएम २०३. दोन चॅनेल, २० मेगाहर्ट्झ. आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी पहिली साइन वेव्ह याच मालिकेच्या पडद्यावर बघितली असेल. बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं कुणीतरी वळणदार अक्षरात डेडस्टॉक नंबर (संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक) घातलेला, ‘८’ ची वरची वाटी किंचित पुसलेली. स्क्रू कोरडे, बुडाला गंज नाही.

टॉर्च घेऊन डब्यावरच्या हवेच्या फटींतून पिक्चर ट्यूबची मान शोधली. तिथं काचेच्या आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसला पाहिजे. त्याला गेटर म्हणतात, आत उरलेली हवा शोषायला तो असतो. हा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर नळीत हवा शिरलीय, आणि नळी गेली म्हणजे स्कोप गेला. माझ्या स्कोपचा चंदेरी होता. नंतर पडद्यावर जळका ठिपका किंवा आडवी करपलेली रेघ आहे का ते बघितलं. मग खिशातला डिजिटल मीटर काढला. वायरीच्या अर्थच्या पिनेपासून डब्याच्या उघड्या धातूपर्यंत एक ओहमच्या आत यायला हवं. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, स्विच चालू करून, ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं दिसायला हवं: माझ्याकडे दोन आकडी ओहम आले. त्या दोन पिनांपासून डब्यापर्यंत मात्र कसलीही जोडणी दिसायला नको. फ्यूज काढून बघा. काच आतून काळीकुट्ट झाली असेल तर मोठा शॉर्ट झालेला आहे. मागचा व्होल्टेज सिलेक्टरही बघा, कारण परदेशातून आलेलं एखादं उपकरण ११५ वर ठेवलेलं असतं. सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवा, तुटकी दांडी लगेच हाताला कळते.

३,२०० रुपयांत ठरला. पावती घेतली. पावती मागायला लाजू नका; सरकारी किंवा अनुदानित संस्थेचा नंबर असलेली वस्तू जवळ बाळगताना तो कागद लागतो.

रात्री सांगलीतच राहिलो. हरभट रोडवर भडंग घेतलं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मिरज. सतार-तंबोऱ्याच्या दुकानांवरून पुढे जाताना थांबल्याशिवाय राहवलं नाही. एक कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारेचा झंकार जुळवत होते: घोडीवर कानशीचा एक हात, मग तार छेडून ऐकायचं, मग पुन्हा अर्धा हात. तिथं काही विकत घेतलं नाही, पण अर्धा तास उभा होतो.

ज्यांच्याकडे जायचं होतं ते काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. आता दुकान बंद आहे, घराच्या पडवीत टेबल आहे. त्यांच्याकडचा एव्होमीटर, मॉडेल ८, मला घ्यायचा होता. एव्हो म्हणजे अँपिअर, व्होल्ट, ओहम. तिन्हींसाठी वेगळी यंत्रं वागवायला नकोत म्हणून ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्याने ही कल्पना काढली आणि १९२३ मध्ये पहिला मीटर बाजारात आला. मॉडेल ८ हे १९५१ पासूनचं, आणि ते २००८ पर्यंत बनत राहिलं.

काकांनी मीटर हातात दिला नाही. आधी तो उभा केला, आडवा केला, कुशीवर ठेवला आणि प्रत्येक वेळी काटा शून्यावरून किती हलतो ते दाखवलं. जवळपास हललाच नाही. काट्याचं संतुलन बिघडलेला मीटर आडवा ठेवला की खरं सांगतो आणि उभा केला की खोटं. मग कटआउट दाखवला: काटा जोरात आपटला की बटण खट्कन वर येतं आणि सर्किट तुटतं. बटण वर आलं तर आधी प्रोब (मोजायचं टोक) काढायचा, कारण शोधायचं, मगच बटण दाबायचं. ते अंगठ्यानं दाबून धरणाऱ्यांनी पुष्कळ मीटर मारलेत.

“डिजिटल असताना हे कशाला, असं म्हणत्यात सगळे,” काका म्हणाले. “दोन रजिस्टर घ्या, बगा.”

१०० किलोओहमचे दोन रेझिस्टर (विजेला रोध करणारे भाग) एकापुढे एक जोडून त्यांनी दहा व्होल्ट दिले. मध्ये पाच व्होल्ट असायला हवेत. माझ्या डिजिटल मीटरनं ४.९७ दाखवले, एव्होनं १० व्होल्टच्या रेंजवर चार. चूक कुणाचीच नाही. एव्हो दर व्होल्टला २०,००० ओहम, म्हणजे या रेंजवर दोन लाख ओहमचा भार टाकतो. डिजिटलचा भार एक कोटी ओहमचा. आता जुन्या रेडिओच्या किंवा अँप्लिफायरच्या सर्किटवर व्होल्टेज छापलेले असतात ते पुष्कळदा २०,००० ओहमच्या मीटरनं मोजलेले असतात. तिथं चार लिहिलंय आणि तुमचा डिजिटल पाच दाखवतोय म्हणून तुम्ही चांगला भाग काढून फेकता. जुनं दुरुस्त करायचं तर ज्या मापानं लिहिलंय त्याच मापानं मोजावं लागतं.

मॉडेल ८ घेणाऱ्यांनी बॅटरीची पेटी आधी उघडावी. सेल फुटून पाझरलेला असेल तर पितळी पट्ट्या हिरव्या होतात. मोठ्या ओहमच्या रेंजसाठी लागणारी १५ व्होल्टची बॅटरी दुकानात सहसा मिळत नाही. तीन व्होल्टचे पाच बटन सेल एकावर एक ठेवून काम भागतं. आणि प्रवासात: मीटर डीसी करंटच्या रेंजवर ठेवून दोन्ही टर्मिनल तारेनं जोडा. गचके बसले की काट्याचं वेटोळं चुंबकात हलतं, त्यात वीज तयार होते, आणि मार्ग बंद असल्यामुळे तीच वीज त्याला आवरते. परतताना एसटी खड्ड्यांतून गेली तेव्हा मी मुद्दाम काट्याकडे बघत होतो. तेल लावल्यासारखा सावकाश डुलत होता.

निघताना काकांनी स्कोपचं विचारलं. मी म्हणालो, घरी जाऊन सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून टाकतो.

“सगळे एकदम काढू नका हो. एक काढा, एक बसवा, बगा. मग दुसरा. न्हाईतर जुना दोष कुठला आणि तुमची चूक कुठली, कळायचं न्हाई.”

घरी आल्यावर पंधरा दिवस घेतले. मेन्सच्या बाजूचे कॅपॅसिटर बदलले, स्विचना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉन्टॅक्ट क्लीनर दिला. मग ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावला. एलईडी चालत नाही. तापून रोध वाढवणारी तारच हवी. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ही युक्ती साध्या ट्रान्सफॉर्मरच्या उपकरणांसाठी आहे. मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय असेल तर तो बल्बमागे नीट सुरूच होत नाही आणि तुमचा गोंधळ होतो. पुरातली वस्तू असेल तर त्याआधी ट्रान्सफॉर्मर आठवडाभर उन्हात वाळवा, सेकंडरीच्या (उपकरणाकडच्या वेटोळ्याच्या) वायरी सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं, प्रायमरी (मेन्सकडचं वेटोळं) व लोखंडी गाभा यांमधला रोध बघा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला शेकडो मेगाओहम यायला हरकत नाही. दोन-चारवर अडकला तर वीज देऊ नका.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. या स्कोपच्या नळीला सुमारे दोन हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये टिकतात. उच्च दाबावर काम केलेलं नसेल तर झाकण उघडताना जाणकार माणूस शेजारी घ्या. आणि स्कोपची अर्थ पिन कधीही कापू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

रेघ आली त्या रात्री काकांना फोन केला.

“बारीक होतीय का?”

“होतेय. पण जरा तिरकी आहे.”

“पुढं टीआर लिहिलेलं भोक असंल. बारीक पेचकस घाला की.”

पृथ्वीचं चुंबकत्व इलेक्ट्रॉनचा झोत किंचित फिरवतं, त्यामुळे स्कोपची जागा बदलली की रेघ कलते. ती सरळ करायला ते टीआर, म्हणजे ट्रेस रोटेशन, असतं. पेचकस पाव फेरा फिरवला आणि रेघ जाळीच्या मधल्या ओळीवर जाऊन बसली. पहिला चॅनेल स्वच्छ आहे. दुसऱ्याचा व्होल्टचा स्विच एका घरावर अजून खरखरतो, तो उघडायचा राहिलाय. डेडस्टॉक नंबर तसाच ठेवलाय.