लंबक साताऱ्यालाही हवा

साताऱ्याच्या आमच्या शाळेच्या महोत्सव समितीपुढे निधीतून नवी कमान उभारण्याचा विचार आहे. त्याऐवजी मला लंबक का हवा, हे सांगायला आठवीच्या सहलीपासून सुरुवात करतो. त्या सहलीत सिंहगड आणि शनिवारवाडा ठरलेलाच होता. आमच्या विज्ञानाच्या सरांनी हट्ट धरून त्यात पुणे विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संशोधन संस्था घालून घेतली. त्यासाठी मी सरांचा आजही ऋणी आहे.

जयंत नारळीकर या संस्थेचे संस्थापक-संचालक आणि वास्तू चार्ल्स कोरिया यांची, हे पुढे वाचनातून कळलं. त्या दिवशी भावलं ते मधलं पायऱ्यांचं कुंड. साताऱ्याजवळच्या लिंबची पायऱ्यांची बारामोटेची विहीर पाहिलेल्या आम्हा पोरांना ते लगेच आपलं वाटलं. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. पुतळा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरचे शिवछत्रपती यायचे. आकाशाचं गणित मांडणाऱ्यांचेही पुतळे असतात, हे आम्ही प्रथमच पाहत होतो.

आवारात सिअरपिन्स्कीचा त्रिकोणही मांडलेला आहे: त्रिकोणातला मधला त्रिकोण काढायचा, उरलेल्या तिन्हींतून पुन्हा तेच. परतल्यावर सरांनी तो फळ्यावर काढून घेतला.

पण मी खिळून राहिलो तो फुकोच्या लंबकापाशी. १८५१ साली लेऑं फुको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना उघड्या डोळ्यांनी दाखवलं. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. ध्रुवावर ती साधारण दिवसात पूर्ण फेरा घेते, विषुववृत्तावर वळतच नाही. मधल्या गावांचा वेग ज्याच्या त्याच्या अक्षांशावर. पुण्यात फेऱ्याला सुमारे ७५ तास लागतात. साताऱ्याचं गणित मी नंतर करून पाहिलं: सुमारे ७९ तास! म्हणजे साताऱ्याचा लंबक हा साताऱ्याचाच असेल, पुण्याची नक्कल नव्हे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून महोत्सव समितीला माझी मनापासून विनंती आहे. निधीतून नवी कमान उभारण्याऐवजी शाळेच्या उंच जिन्याच्या पोकळीत लंबक बसवावा. जड गोळा, लांब तार, खाली अंशांच्या खुणा केलेलं वर्तुळ, एवढं पुरे. गोळा हाताने सोडू नये, बाजूचा धक्का बसतो. तो दोऱ्याने एका कडेला ओढून बांधावा आणि दोरा जाळावा. सोडलेला झोका साठ मिनिटांनी सुमारे साडेचार अंश सरकलेला पाचवीच्या मुलीलाही मोजता येईल. खर्चातला आमच्या तुकडीचा वाटा आम्ही उचलू.