शेजारच्या पॅलेटवरची गोणी

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात झिंक ऑक्साइड बनतं. बहुतेक माल रबरवाल्यांकडे जातो, थोडा पशुखाद्यासाठी युरोपला. त्या थोड्या मालाची फाइल माझ्याकडे असते.

फाइल म्हणजे फॉर्म भरणं, असं घरचेसुद्धा समजतात. फॉर्म अगदी शेवटी येतो. युरोपात खाद्यपूरकाची मंजुरी १० वर्षांची असते आणि मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी नूतनीकरणाचा अर्ज जावा लागतो. झिंक ऑक्साइडचा तिथला क्रमांक ३बी६०३. जस्त, म्हणजे झिंक, किमान ७२ टक्के हवं. निदान पाच बॅचेसचे आकडे द्यायचे, शिवाय शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, डायॉक्सिन. कॅडमियम किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ती बॅच बाद. डुकराच्या पिल्लांच्या तयार खाद्यात जस्ताची मर्यादा किलोला १५० मिलिग्रॅम. हे १५० जस्ताचे, ऑक्साइडचे नव्हेत. मका-सोयाबीनमध्ये मुळातच असलेलं जस्तही त्यातच धरायचं. आमच्या विक्री विभागाला हे किती वेळा समजावलं असेल! अजूनही ऑक्साइडचं वजन धरून ग्राहकाला मात्रा सांगतात.

त्या मंगळवारी मी पाचव्या बॅचचे रिपोर्ट लावत बसले होते. गेटवरून फोन आला, शहापूरकडून एक काका आलेत, गोणी घ्यायला. खाली गेले तेव्हा आमच्या विक्रीवाल्याने रबर ग्रेडच्या एका गोणीचं चलन फाडलंसुद्धा होतं.

"काका, कशाला हवंय?"

"पिल्लांना, मॅडम. दूध तोडलं की आठवड्यात हगवण लागते. ग्रुपवर आलंय, टनाला तीन किलो टाका, लगेच थांबते."

त्यांनी मोबाइल पुढे केला. ओल्या सिमेंटवर पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून निजली होती. शेपट्यांखाली पिवळं वाळलेलं, पाठीचा कणा वर आलेला. एक पिल्लू बाजूला एकटंच उभं होतं, मान खाली घालून.

ग्रुपवरचं खोटं नव्हतं. युरोपातही वर्षानुवर्षं हेच चालायचं, दूध तोडल्यावर पहिले १४ दिवस, पण पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर, औषध म्हणून. टनाला तीन किलो म्हणजे किलोमागे साधारण २४०० मिलिग्रॅम जस्त, मर्यादेच्या सोळा पट. त्यातलं बरंचसं शेणातून बाहेर पडतं आणि जमिनीत साठत जातं. औषधांना दाद न देणारे जंतूही त्याने वाढतात. म्हणून २०१७ मध्ये तिथे या औषधी वापरावर बंदीचा निर्णय झाला आणि जून २०२२ पासून ती लागू झाली.

"खत कुठे टाकता?"

"भाजीलाच. घरचीच भाजी आहे."

मी चलन रद्द करायला लावलं. विक्रीवाला वैतागला. "अहो मॅडम, पांढरी पावडर ती पांढरी पावडर. गेटवर आलेलं गिऱ्हाईक आहे." दिसायला खरंच एकसारखी. दोन्ही चिमटीत घेऊन चोळल्या तर मलाही फरक सांगता येणार नाही. पण टायरसाठीच्या मालात शिसं आणि कॅडमियम किती, हे पिल्लांच्या हिशोबाने कुणी मोजत नाही. या माणसाला हे कळत नाही असं नाही. त्याला महिन्याचं टार्गेट दिसतं.

काकांना म्हटलं, शेणाचा नमुना घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. पिल्लांना कोरडं अंथरूण द्या, ऊब द्या, पाण्यात क्षार द्या, खाद्य थोडं थोडं वाढवा. ते ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, "तिकडच्या पिल्लांसाठी तुम्ही एवढी तपासता, तसली एक गोणी मला द्या ना. पैसे देतो."

ती गोणी पंधरा फुटांवर होती. न्हावा शेव्याला जाणाऱ्या लॉटची, पॅलेटवर गुंडाळलेली, पाचही चाचण्यांतून उतरलेली. मी नाही म्हटलं. एक काढली तर लॉटचा आकडा बिघडतो, पॅकिंग लिस्ट पुन्हा करावी लागते. शिवाय ती मात्रा औषधाची, आणि मी डॉक्टर नाही. दोन्ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी आधी मनात आली ती पॅकिंग लिस्ट.

युरोपात गोणी बाजारात जायच्या आधी कुणीतरी माझी फाइल वाचतं, शंका काढतं, परत पाठवतं. त्या शंकांनी मी रडकुंडीला आलेय, तरी त्यांचा मला आदर आहे. आपल्याकडे गुरांच्या खनिज मिश्रणासाठी आयएस १६६४ हे मानक आहे. पण इथल्या डुकराच्या पिल्लांसाठी झिंक ऑक्साइड विकायला असा अर्ज आजवर माझ्याकडे कुणी मागितलेला नाही. काकांसमोर त्या दिवशी दार होतं ते एकच, आमचं गेट.

रद्द चलनाच्या मागे त्यांचा नंबर होता. दहा दिवसांनी लावला. त्यांच्या पत्नीने उचलला. बावीसपैकी तेरा राहिली, म्हणाल्या. दवाखान्यात गेले होते, डॉक्टर दौऱ्यावर होते. "मग पावडर भेटली एकाकडून."

गोणीवर काय छापलंय, मी विचारलं. त्या उठून बघून आल्या.

"पांढरी गोणी आहे, ताई. वर काहीच नाही."