बद्धकोष्ठतेची तीन औषधं आणि किचनमधलं कॅलेंडर, माझा अनुभव

त्रास जुनाच, पण चाळिशीनंतर तीन तीन दिवस पोट साफ होईना आणि जोर लावून लावून रक्त पडायला लागलं तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. इसबगोल, एरंडेल, त्रिफळा सगळं आधीच करून झालेलं.

पहिलं दिलं लॅक्टुलोज, रात्री 15 मिली, गोड पाकासारखं, चमच्याला चिकटूनच बसतं. पोट साफ व्हायचं पण गॅस इतका की दुपारनंतर ऑफिसात बसवत नव्हतं, कारण ती साखर आतड्यातले जंतू आंबवतात. मग पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) पावडर आली, 17 ग्रॅम ग्लासभर पाण्यात, ती आंबत नाही, नुसती पाणी धरून ठेवते, त्यामुळे गॅस खरंच कमी. पण दोन दिवस काहीच झालं नाही म्हणून मी घाईने वरून बिसाकोडिल ही जुलाबाची गोळी घेतली आणि रात्रभर मुरडा सोसला. पावडरला दोन ते चार दिवस लागतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

तेव्हापासून किचनमधल्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले, झाली तर टिंब, जोर लावावा लागला तर फुली. तेच पान घेऊन पोटाच्या स्पेशालिस्टकडे गेले. त्यांनी आधी बाकीच्या गोळ्या विचारल्या, मी रोज लोहाची आणि कॅल्शियमची घेत होते, दोन्हींनी मल कडक होऊ शकतो, आणि आधीच्या डॉक्टरांनी वर्षभरात एकदाही हे विचारलं नव्हतं याचा मला अजून राग येतो. थायरॉइडही तपासला, नॉर्मल निघाला.

मग प्रुकॅलोप्राइड 2 मिलिग्रॅम, दिवसातून एकच. हे पाणी ओढत नाही, आतड्याची स्वतःची हालचाल वाढवतं. पहिल्या दिवशी डोकं भयंकर दुखलं, दोन दिवस जुलाबासारखं झालं, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं म्हणून घाबरले नाही, तिसऱ्या दिवशी थांबलं. चार आठवड्यांत फरक नाही पडला तर बंद करू असंही ठरलेलं. पावडरपेक्षा महाग आहे, ते जाणवतं. पण मागच्या महिन्याच्या पानावर आठवड्याला पाच टिंबं आहेत आणि फुल्या सगळ्या मिळून दोन. लोहाची गोळी आता डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेते, पुढच्या वेळी पान घेऊन जाणार आणि प्रुकॅलोप्राइड किती महिने चालू ठेवायचं ते विचारणार.